लिव्हर स्वस्त, चुकीची फिटिंग महाग

गाडी स्टँडवरून कलंडली की हँडलचं टोक आणि त्याच्यासोबत लिव्हर जमिनीला टेकतो. डावीकडे पडली तर क्लचचा, उजवीकडे पडली तर ब्रेकचा. म्हणून आरसा, इंडिकेटर आणि लिव्हर ठेवत नाही असं स्पेअरचं दुकान ना अमरावतीत सापडायचं, ना अकोल्यात. मिस्त्रीचा प्रश्नही ठरलेला असतो, "भाऊ, कंपनीचा टाकू का लोकल?" गेल्या काही वर्षांत त्याला एक शेपूट जोडलं गेलं आहे, "का सीएनसीवाली जोडीच टाकून देऊ? लय भारी दिसते." काउंटरमागे लाल, निळे, सोनेरी लिव्हर टांगलेले असतातच, मोबाईलवरही तेच दिसत राहतात. शंभर रुपयांच्या कामाला आलेला माणूस मग दोन हजारांच्या जोडीपाशी घुटमळतो.

माझा कौल आधीच सांगून टाकतो. स्प्लेंडर, प्लॅटिना, शाईन, साधी पल्सर किंवा ॲक्टिव्हा चालवत असाल आणि बोटं कंपनीच्या लिव्हरपर्यंत नीट पोचत असतील, तर कंपनीचाच लिव्हर घ्या आणि वाचलेल्या पैशात नवी क्लच वायर टाका. बोटं पोचत नसतील तर ग्रिपपासूनचं अंतर कमी-जास्त होणारा लिव्हर ही चैन नाही, गरज आहे. तिथे हात आखडू नका. नुसत्या रंगासाठी घ्यायचा असेल तर क्लचच्या बाजूला हौस भागवा. पुढच्या डिस्क ब्रेकचा लिव्हर मात्र रंग पाहून कधीच घेऊ नका.

काय भाव आहे

१०० ते १२५ सीसीच्या गाड्या आणि स्कूटर यांचा कंपनीच्या खोक्यातला सुटा लिव्हर साधारण ८० ते २०० रुपयांत मिळतो. पल्सर, अपाचे, एफझेड या वर्गात १०० ते ४०० धरा. रॉयल एनफिल्डला २५० ते ७००, केटीएमला ५०० पासून हजाराच्या पुढे. बिननावाचा लोकल लिव्हर ४० ते १०० रुपयांत येतो. या दोघांच्या मधे एक चांगला वर्ग आहे आणि तो गिऱ्हाईक सहसा विचारत नाही. गाड्यांच्या कंपन्यांना माल पुरवणारे काही कारखाने आपल्या नावाच्या खोक्यात तेच सुटे भाग बाजारात विकतात. दुकानदाराला "ओईचं काही आहे का?" असं विचारलं की तो खालच्या कप्प्यातून काढून देतो.

सीएनसी म्हणून जी जोडी मिळते तिच्यातही तीन थर आहेत. बिननावाची, सहा खटक्यांची, बहुधा आयात केलेली जोडी ८०० ते २,००० रुपये. देशी कंपनीचं नाव, पत्ता आणि हमी असलेली जोडी २,५०० ते ५,०००. अमेरिकेची एएसव्ही किंवा इटलीची रिझोमा अशा नावांना १५,००० च्या पुढे मोजावे लागतात आणि ती मोठ्या गाड्यांसाठीच असतात. "फर्स्ट कॉपी" म्हणून १,२०० ला मिळणाऱ्या लिव्हरवर यातलं एखादं नाव कोरलेलं असेल, तर त्या कोरीव कामाची किंमत शून्य धरा. हे सगळे आकडे अंदाज बांधण्यापुरते आहेत. मॉडेल, वर्ष आणि दुकान यांप्रमाणे ते इकडेतिकडे होणारच.

एक गोष्ट काउंटरवर आवर्जून विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. त्याआधी दुचाकीच्या भागांवर २८ टक्के होता. जुन्या मालाच्या खोक्यावर जुनी छापील किंमत असते. खोक्यावर १२८ रुपये असतील तर नव्या दरानं तोच नग ११८ ला बसतो. एका लिव्हरमागे दहा रुपये म्हणजे फार नाहीत, पण सीएनसी जोडी आणि वायर एकाच बिलात असतील तर दोन-तीनशेचा फरक पडतो.

बिलात नुसता लिव्हर कधीच नसतो. क्लच वायर १०० ते ३०० रुपये. लिव्हर ज्यात बसतो तो योक चिरला असेल तर १५० ते ४००. मजुरी लिव्हरपुरती ३० ते १००, वायरीसकट १०० ते २००. स्प्लेंडरचा हिशेब मांडला तर कंपनीचा लिव्हर १२०, वायर १५०, मजुरी १०० मिळून ३७० रुपये होतात. त्यात लोकल लिव्हर टाकून वाचले ते फार तर ऐंशी रुपये. ऐंशी रुपये वाचवायला ज्या वस्तूवर आपण दिवसातून शेकडो वेळा हात दाबतो तीच निवडणं मला तरी पटत नाही. सीएनसी जोडीचं उलट होतं. १,५०० ची जोडी बसवली, महिनाभरात क्लच नीट सुटेना म्हणून दोनदा मिस्त्रीकडे चकरा झाल्या, घसरत्या क्लचनं प्लेटा जाळल्या, तर वरचा हजार-दीड हजार वेगळाच. पुढच्या डिस्कचा मास्टर सिलेंडर बदलायची वेळ आली तर गाडीप्रमाणे ८०० ते अडीच हजार.

एकावर एक ठेवून पाहा

लिव्हर हा अडकित्त्याचाच भाऊबंद. खिळ्यापासून दूर धरलं तर सुपारी सहज फुटते, खिळ्याजवळ धरलं तर जोर लागतो. लिव्हरमध्येही दोनच अंतरं कामाची आहेत. बोल्टापासून बोटांपर्यंतचं, आणि बोल्टापासून वायरीच्या निपलच्या, म्हणजे टोकाच्या गुंडीच्या, भोकापर्यंतचं. पहिलं अंतर लांबी पाहून दिसतं. दुसरं डोळ्यांना दिसत नाही, पण सगळा खेळ त्याचाच.

निपलचं भोक बोल्टाच्या जरा जवळ पडलं की क्लच हाताला हलका लागतो. दुकानात दाबून पाहणारा खूश होतो. पण वायर कमी ओढली जाते, क्लच पूर्ण सुटत नाही, अमरावतीच्या राजकमल चौकातल्या संध्याकाळच्या गर्दीत न्यूट्रल सापडत नाही आणि पहिला गिअर टाकताना खाडकन आवाज येतो. भोक दूर पडलं तर उलट होतं. वायर जास्त ओढली जाते, पण क्लच जड होतो आणि रोज बडनेऱ्याहून शहरात ये-जा करणाऱ्याचं मनगट दुखायला लागतं. हा फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो आणि त्यासाठी मोजपट्टीसुद्धा लागत नाही. जुना लिव्हर सोबत न्या. जुना आणि नवा एकमेकांवर ठेवा, दोघांच्या बोल्टाच्या भोकातून एकच बोल्ट घाला आणि निपलची भोकं जुळतात का ते पाहा. नाही जुळली तर नवा लिव्हर काउंटरवर परत ठेवा, मग तो कितीही चकाकत असो. दुकानदार "बसून जाते भाऊ, सगळ्यायले बसते" म्हणाला तरी. बसतो हे खरंच असतं. बसणं आणि चालणं यात मात्र फरक आहे.

निपल भोकात डगमगू नये आणि अडकूही नये. लिव्हर दाबताना निपलला त्या भोकात फिरावं लागतं. ते फिरलं नाही तर वायर प्रत्येक वेळी त्याच जागी वाकते आणि तिच्या तारा एकेक करून तुटतात. वायर नेहमी लिव्हरच्या टोकाशीच तुटते, याचं एक मोठं कारण हेच. काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्याची धूळ आणि वर्षभर न लावलेलं ग्रीस बाकीचं काम करतात.

आखूड लिव्हरबद्दल दोन शब्द. दोन बोटांचा आखूड लिव्हर दिसायला छान, आणि डिस्क ब्रेक असलेल्या ताकदवान गाडीवर तो चालून जातो. ड्रम ब्रेकच्या गाडीवर तो लावूच नये. बोटं बोल्टापासून १२ सेंटिमीटरवर होती ती ९ वर आली, तर तेवढाच ब्रेक लावायला हाताला तिसऱ्या हिश्श्यानं जास्त जोर लावावा लागतो. मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं आणि हँडलला भाजीची पिशवी असलेल्या स्प्लेंडरला ही चैन परवडत नाही.

डिस्क ब्रेक: इथे घाई नको

डिस्कचा लिव्हर रंग पाहून घेऊ नका असं मघाशी म्हटलं, त्याचं कारण आता. पुढे डिस्क ब्रेक असेल तर उजवा लिव्हर वायर ओढत नाही, मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ढकलतो. वरच्या टाकीतून सिलेंडरमध्ये तेल उतरायला बारीक भोकं असतात, त्यातलं एक तर टाचणीच्या टोकाएवढं. लिव्हर सोडला की पिस्टन पूर्ण मागे येतो आणि ते भोक उघडं पडतं. ब्रेक लावून लावून तापलेलं तेल फुगतं, ते याच भोकातून वर टाकीत परत जातं.

लिव्हरच्या पोटाशी पिस्टनला ढकलणारा उंचवटा असतो. बाहेरच्या लिव्हरचा हा उंचवटा केसभर जास्त निघाला, तर लिव्हर सोडलेला असतानाही पिस्टन किंचित दाबलेलाच राहतो. भोक झाकलेलं, तेलाला परतीची वाट नाही. पॅड डिस्कला हलके घासत राहतात, घासल्यानं तापतात, तेल आणखी फुगतं, पॅड आणखी आवळतात. दुकानासमोर चक्कर मारताना काहीच कळत नाही, कारण ब्रेक अजून गार असतो. उलट "ब्रेक कसा टाइट झाला पाहा" असं वाटतं. दहा-पंधरा किलोमीटरनंतर गाडी जड वाटू लागते, आणि शेवटी पुढचं चाक जाम होतं.

आपल्याकडे हा धोका हवामान वाढवतं. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, दुपारभर उन्हात उभ्या गाडीचं तेल निघण्याआधीच तापलेलं असतं. त्यात अकोला-अमरावती महामार्ग. लोणी ते माना या पट्ट्यात जून २०२२ मध्ये १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज बुकात नाव नोंदवलं गेलं, तोच हा राष्ट्रीय महामार्ग ५३. असा गुळगुळीत रस्ता, तापलेलं डांबर, चढलेला वेग, आणि पुढचं चाक हळूहळू आवळत चाललेलं. यात काय होऊ शकतं ते सांगायला नको.

तपासणी सोपी आहे आणि ती मिस्त्रीसमोर उभं राहून करायची. लिव्हर बसवल्यावर टोकाशी बोटानं हलकेच ओढा. पिस्टनला टेकण्याआधी लिव्हर थोडासा मोकळा हलला पाहिजे. अजिबात मोकळीक नसेल तर तो लिव्हर त्या गाडीचा नाही. कमी-जास्त होणारा लिव्हर असेल तर हीच परीक्षा सहाही खटक्यांवर करा. चांगल्या बनावटीत खटका बदलल्यानं बोटांपर्यंतचं अंतर बदलतं, पिस्टनचं बदलत नाही. स्वस्त नकलेत पहिल्या खटक्यावर ठीक आणि सहाव्यावर पिस्टन दाबलेला, असं होऊ शकतं. मग पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेक दाबा, सोडा, पुन्हा फिरवा. सोडल्यावर ते पहिल्याइतकंच मोकळं फिरलं पाहिजे. शेवटी चार-पाच किलोमीटर, मधूनमधून ब्रेक लावत, गाडी चालवून या आणि सपाट जागी न्यूट्रलमध्ये हातानं ढकलून पाहा. डिस्कला हात लावू नका, भाजेल.

पिस्टनला अडथळा येतो म्हणून उंचवटा कानशीनं घासून देणारेही भेटतात. नको म्हणा. जरा जास्त घासला गेला तर लिव्हर हँडलला टेकेपर्यंत ब्रेकच लागत नाही. रस्त्यात ब्रेक आवळायला लागला असं जाणवलं तर कडेला थांबा, थंड होऊ द्या, लिव्हरचा बोल्ट काढून पिस्टन मोकळा करा आणि गाडी टेम्पोत टाकून आणा.

लिव्हर बदलताना टाकीतल्या तेलाकडे नजर टाका. डॉट ४ प्रतीचं नवं तेल किमान २३० अंशांना उकळतं, हवेतली ओल शोषल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. चहासारखं काळपट झालं असेल किंवा दोन वर्षं बदललं नसेल तर त्याच वेळी बदलून घ्या. तेल आणि मजुरी मिळून दोनशे-तीनशेचं काम. पिस्टनच्या टोकाला साधं ग्रीस लावू देऊ नका, त्यानं आतलं रबर फुगतं. तिथे सिलिकॉन ग्रीसच लागतं. साधं ग्रीस बोल्टाला चालतं.

ज्यांची बोटं पोचत नाहीत

आपल्या गाड्यांचे लिव्हर सरासरी पुरुषाच्या पंजाच्या मापानं बनतात, आणि स्कूटर चालवणाऱ्या कितीतरी बाया-मुलींना याचा रोज त्रास होतो. बोटांची फक्त टोकं लिव्हरवर पोचतात, मग ब्रेक लावायचा म्हणजे आधी मूठ सैल करून हात पुढे न्यायचा. त्या क्षणभरात गाडी काही मीटर पुढे जाते. गाडगेनगरातून कॉलेजला जाणाऱ्या मुलीला "तुला ब्रेक लावता येत नाही" म्हणण्याआधी तिच्या पंजाचं माप पाहावं. मूठ ग्रिपवर असताना बोटाचं मधलं पेर लिव्हरवर टेकत असेल तर ठीक. फक्त टोक टेकत असेल तर बदल हवा.

आधी फुकटचा उपाय. लिव्हरचा योक हँडलवर ढिला करून थोडा खाली फिरवला की कित्येकदा बोटं पोचतात. गाडीवर बसून मनगट सरळ रेषेत राहील असा कोन ठेवायचा. मोटरसायकलवर हे पाच मिनिटांचं काम आहे, स्कूटरला प्लॅस्टिक उघडावं लागतं. त्यानंही भागलं नाही तर कंपनीनंच दिलेला कमी-जास्त होणारा लिव्हर तुमच्या मॉडेलच्या वरच्या प्रकाराला आहे का ते शोरूमच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. टीव्हीएसनं अपाचे आरटीआर २०० ला आणि रॉयल एनफिल्डनं २०२३ च्या इंटरसेप्टर आणि कॉन्टिनेंटल जीटीला असे लिव्हर कारखान्यातूनच दिले. त्याच घराण्यातल्या दुसऱ्या गाडीला तो बसतो का, हे पार्ट नंबरवरून काउंटरवरचा माणूस सांगू शकतो. कंपनीचा असा लिव्हर सीएनसीच्या बिननावाच्या जोडीपेक्षा महाग पडला तरी घ्या. स्कूटरला पर्याय कमीच आहेत. बिननावाचे रंगीत लिव्हर मिळतात, पण त्यांच्याबाबतीत पुढची अडचण येते.

१ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या दुचाकींना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस, आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं झालं. म्हणून नव्या स्कूटरचा डावा लिव्हर मागचा आणि पुढचा असे दोन्ही ब्रेक ओढतो, तर बऱ्याच जुन्या स्कूटरचा फक्त मागचा. दोघांचे लिव्हर सारखे दिसतात, सारखे नसतात. ॲक्टिव्हाच्या डाव्या लिव्हरला गाडी उतारावर रोखून धरणाऱ्या लॉकची खाच असते, ती नकलेत उथळ निघाली तर लॉक धरत नाही. दुकानात "ॲक्टिव्हाचा लिव्हर द्या" एवढं सांगू नका. कोणत्या वर्षाची, पुढे डिस्क का ड्रम, हे सांगा. नाहीतर आरसी दाखवा.

लिव्हरला लागून एक छोटा स्विचही असतो. उजवीकडे तो मागचा लाल दिवा लावतो. डावीकडे क्लच दाबल्याशिवाय गाडी सुरू होऊ नये म्हणून अनेक मॉडेलना असतो. बाहेरच्या लिव्हरला हा स्विच दाबणारी जीभ नसेल किंवा जागची हललेली असेल तर दिवा कायम जळतो, नाहीतर मुळीच लागत नाही. बसवून झाल्यावर मिस्त्रीला मागे उभा करा आणि ब्रेक दाबून दाखवा. महामार्गावर रात्री मागून कापसाचा ट्रक येत असताना हा दिवा नाही हे कळून उपयोग नाही.

धातू, गोळा आणि घडी

कंपनीचा लिव्हर साच्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमचा असतो. सीएनसी म्हणजे ॲल्युमिनियमच्या सबंध ठोकळ्यातून यंत्रानं कोरून काढलेला; चांगल्या बनावटीत ६०६१-टी६ हा मिश्रधातू वापरतात. पण काउंटरवर "सीएनसी" छापलेल्या प्रत्येक पाकिटात ठोकळ्यातूनच काढलेला माल असेल असं नाही. ओतीव लिव्हरला रंग देऊन, वरून चार रेघा मारून तोच शब्द छापता येतो. आतली बाजू पाहा. साच्याच्या जोडाची उंच रेघ किंवा बारीक खड्डे दिसले तर तो ओतीव आहे. बोल्टाच्या भोकात हातानं हलवून पाहा, वरखाली खडखडला तर ठेवून द्या.

लिव्हरच्या टोकाचा गोल गोळा शोभेचा नाही. गाडीसोबत पडताना तेच टोक पोटात किंवा मांडीत घुसू नये म्हणून तो असतो. मोटरसायकल शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांत या गोळ्याचा व्यास किमान १६ मिलिमीटर ठेवला आहे. टोकदार, पात्यासारखे लिव्हर दिसतात आक्रमक, पण कशासाठी घ्यायचे? टोकाजवळची खाचही मुद्दाम केलेली असते. पडल्यावर लिव्हर तिथे तुटतो आणि उरलेल्या तुकड्यावर दोन बोटं टेकवून घर गाठता येतं.

घडी होणारा लिव्हर पडल्यावर वर दुमडतो, तुटत नाही, हे खरं. डोंगरात, शेताच्या धुऱ्यावरून गाडी काढणाऱ्यांना त्याचा फायदा आहे. मात्र स्वस्त मालात घडीचा सांधा लवकर ढिला पडतो आणि ब्रेक दाबताना टोक वरखाली होतं. या प्रकारात अडीच हजारांच्या खालचा माल मी सुचवणार नाही.

वाकलेला लिव्हर दगडावर ठोकून सरळ करायची आपल्याकडे जुनी सवय आहे. क्लचचा असेल तर दुकानापर्यंत जाण्यापुरतं ठीक. ब्रेकचा कधीच नको. वाकल्या जागी डोळ्यांना न दिसणारी चीर पडलेली असते, आणि तो पुन्हा तुटतो तो जोरात ब्रेक लावतानाच.

मिस्त्रीकडून आणखी एवढं पाहून घ्या. बोल्ट इतका आवळू नये की लिव्हर सोडल्यावर परत यायला आळस करेल. आधी बोल्ट बेतानं, मग खालचा नट घट्ट. क्लचची मोकळीक गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते. बऱ्याच प्रवासी गाड्यांत टोकाशी १० ते २० मिलिमीटर. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. लांब लिव्हर टाकीला किंवा काचेला अडतो का, वायर ताणून इंजिनचा आवाज बदलतो का, हे तेव्हाच कळतं.

कायदा, बिल आणि सीटखालचा जुना लिव्हर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत मूळ रचनेपेक्षा वेगळा फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी ठासून सांगितलं. कलम १८२अ खाली बेकायदा फेरफाराला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कायद्यात फेरफार म्हणजे गाडीचं मूळ स्वरूप बदलणारा रचनेतला बदल. माझ्या मते त्याच कामाचा, नीट बसलेला लिव्हर यात मोडत नाही. पण आखूड लिव्हरनं ब्रेक कमजोर झालेली गाडी अपघातात सापडली, तर विम्याचा सर्व्हेअर आधी ब्रेकच पाहील. वॉरंटीतल्या गाडीला ब्रेकचा लिव्हर शोरूममधूनच बसवून घ्यावा.

बिल मागा. "बिल काऊन पायजे भाऊ, आपलंच दुकान हाय ना" हे ऐकून गप्प बसू नका. पाकिटावर उत्पादक किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, छापील किंमत, महिना-वर्ष, आयात माल असेल तर देशाचं नाव आणि तक्रारीसाठी संपर्क असायला हवा. पारदर्शक पिशवीत नुसता लिव्हर असेल तर यातलं काहीच नसतं, मग तो तुटल्यावर विचारायचं कोणाला? ऑनलाइन घेतला तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि मुदतीच्या आत एकावर एक ठेवून पाहा; एकदा बसवून ओरखडे पडले की परत घेत नाहीत. दुकानदारानं किंवा कंपनीनं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग अमरावतीतही आहे आणि अकोल्यातही, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही.

नवा लिव्हर बसल्यावर जुना सरळ, न तुटलेला असेल तर मिस्त्रीच्या डब्यात टाकू देऊ नका. परतवाड्याच्या पुढे चिखलदऱ्याचा घाट चढताना किंवा सेमाडोहच्या जंगलात गाडी आडवी झाली, तर तिथे कोणत्याही कंपनीचा लिव्हर मिळत नाही. जुना लिव्हर आणि त्याच्या बोल्ट-नटाला लागणारे पाने एका चिंधीत गुंडाळून सीटखाली ठेवा. क्लच वायर बदलली असेल तर जुनीही, तुटलेली नसेल तर, गुंडाळून सोबत. वायरीच्या गाडीवर दहा मिनिटांचं काम आहे, आणि घरून निघण्याआधी एकदा अंगणात करून पाहिलं असेल तर पाचच मिनिटांचं.